ओळंबा आणि गुडघा : सांधेरोपणातील पूर्वचित्रणाची वाटचाल

गवंडी भिंत उभी करण्यापूर्वी ओळंबा सोडतो. दोरीच्या टोकाचा गोळा स्थिर होईपर्यंत तो थांबतो आणि त्या दोरीच्या साक्षीने पहिला थर बसवतो. पहिला थर किंचित कलला तर दहाव्या थराशी भिंत किती कलेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मानवी पायालाही असाच एक ओळंबा आहे, हे वैद्यकशास्त्राला १८७८ साली उमगले होते. मात्र तो ओळंबा शस्त्रक्रियेच्या आधी चित्रावर आखून, त्यानुसार कृत्रिम गुडघा बसविण्याची रीत रूढ होण्यास जवळजवळ एक शतक जावे लागले. आज घरोघरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'गुडघे बदलणे' हा शब्दप्रयोग सहज येतो. त्यामागे उभ्या असलेल्या या दीर्घ वाटचालीचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

गुडघ्यावरील भार

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठ्या सांध्यांपैकी एक. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि समोर वाटी अशी त्याची रचना. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. या भाराचा मोठा वाटा सांध्याच्या आतल्या बाजूच्या कप्प्यावर पडतो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजू लागली की बहुतेकदा हाच आतला कप्पा आधी खचतो, पाय हळूहळू बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखा वाकतो, आणि वाकलेल्या पायामुळे आतल्या कप्प्यावरचा भार आणखी वाढतो. झिजेमुळे वाक आणि वाकामुळे झीज असे हे दुष्टचक्र आहे. मांडी घालून बसणे, पायऱ्या उतरणे, रात्री कूस बदलणे यांसारख्या साध्या गोष्टी ज्यांना दुष्कर झाल्या आहेत, त्यांना या दुष्टचक्राची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

कृत्रिम सांधा बसविताना झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण आणि मध्ये प्लास्टिकची बैठक बसवितात. हा छेद कोणत्या कोनात घ्यावा, हा या शस्त्रक्रियेतील कळीचा प्रश्न होय. नडगीची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर धरली, तर वरच्या टोकाच्या छेदातील एका अंशाची चूक खाली घोट्याशी सुमारे ७ मिलिमीटर अंतर पाडते. चूक तीन अंशांची असेल तर हे अंतर २१ मिलिमीटरांवर जाते. उघड्या जखमेत दिसणाऱ्या वीतभर भागाकडे पाहून एवढी बारीक चूक डोळ्यांना जाणवत नाही. म्हणूनच छेद घेण्यापूर्वी संपूर्ण पायाचे चित्र समोर असण्याची गरज निर्माण झाली.

हस्तिदंताचा सांधा

कृत्रिम गुडघ्याचा पहिला प्रयोग मात्र कोणत्याही चित्राविना झाला. बर्लिन येथील शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी २० मे १८९० रोजी क्षयाने गुडघा नासलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीस हस्तिदंताचा बिजागरीवजा सांधा बसविला. सांधा हाडात पक्का करण्यासाठी त्यांनी राळमिश्रित लुकणाचा उपयोग केला. कल्पना काळाच्या फार पुढची होती. परंतु क्षयाने आधीच दूषित झालेल्या सांध्यांत जंतुसंसर्ग बळावला आणि ग्लुक यांचे प्रयत्न टिकले नाहीत. प्रतिजैविके अद्याप अस्तित्वात आलेली नव्हती आणि शरीराच्या आत डोकावण्याचे साधनही नव्हते. कातडी उघडेपर्यंत हाडाची खरी अवस्था शल्यचिकित्सकास केवळ स्पर्शाने आणि अनुमानाने जाणावी लागे.

ही उणीव अवघ्या पाच वर्षांत दूर झाली. जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्यास 'एक्स' हे नाव दिले, तेच मराठीत 'क्ष-किरण' झाले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातील अंगठी त्यात स्पष्ट दिसत होती. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्याजोगी आहे. शोध सर्वांसाठी खुला राहिल्यामुळे क्ष-किरण काही महिन्यांतच देशोदेशींच्या रुग्णालयांत पोहोचले. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मिकुलिच यांची रेषा

ज्या रेषेच्या आधारे आज गुडघ्याचे नियोजन होते, ती मात्र क्ष-किरणांपेक्षाही जुनी आहे. व्हिएन्नात बिलरोथ यांच्या हाताखाली काम करणारे तरुण शल्यचिकित्सक योहान मिकुलिच यांनी १८७८ मध्ये मांडीच्या व नडगीच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुब्याच्या गोल डोक्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली असता निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते, असे त्यांनी दाखविले. शरीराचा भार याच रेषेने जमिनीपर्यंत उतरतो. तिला पुढे 'यांत्रिक अक्ष' किंवा 'भाररेषा' असे नाव मिळाले आणि अनेक ग्रंथांत ती आजही मिकुलिच यांच्याच नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर कापडी पट्टी बांधणाऱ्या पहिल्या काही शल्यचिकित्सकांत ज्यांची गणना होते, ते हेच मिकुलिच.

त्यांच्या त्या प्रबंधाचे शीर्षक मार्मिक होते. मानवाच्या मांडीच्या व नडगीच्या हाडांत व्यक्तिपरत्वे आढळणारे आकारभेद, हा त्याचा विषय होता. म्हणजे ज्या संशोधकाने सर्वांना लागू पडेल अशी रेषा दिली, त्याचे लक्ष मुळात माणसामाणसांतील भिन्नतेकडे होते. या शीर्षकाचा अर्थ वैद्यकविश्वाला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी नव्याने उमगणार होता.

बिजागरीपासून टोटल कॉन्डिलरपर्यंत

विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमधील बोर्ये वाल्डियस यांनी प्रथम ॲक्रिलिकचा आणि नंतर धातूचा बिजागरीचा गुडघा प्रचारात आणला. दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. खरा गुडघा वाकताना घरंगळतो, सरकतो आणि थोडा वळतोही. त्यामुळे बिजागरीवर पडणारा ताण हाडातील पकडीवर जाई आणि सांधा कालांतराने सैल होई.

या अडचणीतून मार्ग निघाला तो इंग्लंडमध्ये. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातू, दाट पॉलिएथिलीन आणि हाडांचे सिमेंट यांची यशस्वी जुळणी १९६२ मध्ये केली होती. त्यांच्याकडे शिकावयास आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी तेच तत्त्व १९६८ मध्ये गुडघ्यास लावले आणि बिजागरी वगळून केवळ पृष्ठभाग बदलण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी येथे जॉन इन्सॉल, अभियंते पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांनी 'टोटल कॉन्डिलर' हा सांधा विकसित केला. १९७४ मध्ये तो वापरात आला. आज जगभर बसविल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचे मूळ याच रचनेत सापडते. डॉ. राणावत हे जन्माने भारतीय, त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूर येथे झाले, ही गोष्ट भारतीयांस अभिमानास्पद आहे.

सांध्याची रचना सुधारली तसा आणखी एक प्रश्न पुढे आला. एकाच रचनेचा सांधा एका रुग्णात वीस वर्षे टिकतो आणि दुसऱ्यात पाच वर्षांत सैल होतो, असे का व्हावे?

तीन अंशांचा नियम

उत्तराचा धागा चित्रांत सापडला. तोपर्यंत गुडघ्याचे क्ष-किरण चित्र बहुधा रुग्णास झोपवून आणि केवळ गुडघ्यापुरते घेतले जाई. स्वीडनच्या स्वेन आल्बेक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की रुग्णास उभे करून चित्र घेतल्यास सांध्यातील फट किती कमी झाली आहे हे यथार्थ दिसते. झोपलेल्या अवस्थेत भार नसल्याने तीच फट फसवी रुंद दिसते. झिजलेला सांधा पाहावयाचा तर तो ओझे वाहत असताना पाहावयास हवा, हे साधे तत्त्व यातून प्रस्थापित झाले.

१९७७ मध्ये अमेरिकेतील लॉट्के आणि एकर यांनी ७० कृत्रिम गुडघ्यांच्या अभ्यासातून सांध्याची बसवण आणि रुग्णास मिळणारा आराम यांचा संबंध जोडून दाखविला. १९९१ मध्ये ब्रिटनमधील जेफ्री, मॉरिस आणि डेनहॅम यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी ११५ गुडघे मध्यमानाने ८ वर्षे पाहिले. भाररेषा कृत्रिम सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून गेली असता सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के, आणि त्या पट्ट्याबाहेरून गेली असता २४ टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. एवढा स्पष्ट फरक पाहिल्यावर शल्यचिकित्सकांनी एक मर्यादा मनाशी पक्की केली. भाररेषेपासून तीन अंश इकडे वा तीन अंश तिकडे, याच्या आत सांधा बसला पाहिजे. हा 'तीन अंशांचा नियम' पुढील दोन दशके जवळजवळ सर्वमान्य राहिला आणि शस्त्रक्रियापूर्व चित्रणाचे सारे शास्त्र त्याच्याभोवती उभे राहिले.

कागद, पेन्सिल आणि कोनमापक

नियम कळला, तरी तो अमलात आणावयाचा कसा? मांडीच्या हाडाचा छेद घेताना शल्यचिकित्सक त्या हाडाच्या पोकळीत खालून एक लांब सळई घालतो आणि तिच्याशी ठराविक कोन धरून छेद घेतो. परंतु सळई हाडाच्या पोकळीच्या दिशेने जाते आणि भाररेषा खुब्याच्या मध्याकडे. मांडीचे हाड वरच्या टोकाशी आत वळून खुब्यास मिळत असल्याने या दोन दिशांत सर्वसाधारणपणे ५ ते ७ अंशांचे अंतर पडते. हे अंतर रुग्णागणिक बदलते. ते मोजावयाचे तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा संपूर्ण पाय एकाच चित्रात हवा.

यासाठी सुमारे १३० सेंटिमीटर लांबीच्या फिल्मवर उभ्या रुग्णाचे चित्र घेण्याची पद्धत रूढ झाली. क्ष-किरण यंत्र सुमारे तीन मीटर दूर ठेवीत आणि दोन्ही पाय एकदम टिपीत. प्रकाशपेटीवर ती फिल्म लावून शल्यचिकित्सक मोठी पट्टी, मेणपेन्सिल आणि कोनमापक घेऊन बसत. खुब्याच्या डोक्यावर वर्तुळ आखून मध्य काढावयाचा, गुडघ्याचा आणि घोट्याचा मध्य निश्चित करावयाचा, रेषा ओढावयाच्या आणि कोन टिपून घ्यावयाचे. मग कृत्रिम सांध्याचे निरनिराळ्या मापांचे पारदर्शक नकाशे चित्रावर ठेवून योग्य माप निवडावयाचे. संगणक आल्यावर हेच काम पडद्यावर होऊ लागले. चित्रातील वाढीव आकाराचा हिशेब लागावा म्हणून पायाजवळ ज्ञात मापाची धातूची गोळी ठेवण्याची पद्धत आली.

या चित्रणात एक खाचखळगा होता. पाऊल बाहेर वळवून रुग्ण उभा राहिला, किंवा दुखण्यामुळे त्याचा गुडघा पूर्ण सरळ होत नसला, तर चित्रातील कोन खरा येत नाही. म्हणून पावलांकडे न पाहता गुडघ्याची वाटी समोर आली आहे की नाही, हे पाहून चित्र घ्यावे, असा दंडक पडला. उभे राहण्याची ही शिस्त क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या हाती असते. त्याने दोन मिनिटे अधिक देऊन रुग्णास नीट उभे केले तर शल्यचिकित्सकाची रेषा खरी ठरते. या इतिहासात ज्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, अशा असंख्य तंत्रज्ञांचा हा वाटा आहे.

तिसरी मिती

सपाट फिल्मवर पाय समोरून दिसतो. परंतु सांधा स्वतःभोवती किती वळला आहे, हे तिच्यावर उमटत नाही. या अडचणीचे उत्तर लंडनमध्ये तयार झाले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. शरीराचे आडवे काप एकामागून एक पाहता येऊ लागले आणि मांडीच्या हाडाचे खालचे टोक वरून पाहावे तसे दिसू लागले.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग निसर्गतः सुमारे तीन अंश आतल्या बाजूस उतरता असतो. शल्यचिकित्सक तो भाररेषेशी काटकोनात कापतो, म्हणजे हा नैसर्गिक उतार नाहीसा होतो. मग गुडघा वाकविल्यावर आतली आणि बाहेरची फट सारखी राहावी म्हणून मांडीच्या हाडावरील धातूचे आवरण सुमारे तीन अंश बाहेर वळवून बसवावे लागते. हे वळण चुकले की वाटी आपल्या खोबणीतून घसरू लागते आणि सरळ दिसणारा गुडघाही दुखत राहतो. १९९० च्या दशकात रिचर्ड बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने हे वळण मोजण्याची पद्धत घालून दिली आणि वाटीच्या तक्रारींचा त्याच्याशी असलेला संबंध १९९८ मध्ये मांडला. तोपर्यंत निष्कारण वाटणाऱ्या अनेक दुखण्यांचे कारण त्यामुळे उलगडले.

सीटी स्कॅनलाही मर्यादा आहेत. त्यात साध्या चित्रापेक्षा किरणांची मात्रा अधिक लागते आणि रुग्ण झोपलेला असतो, त्यामुळे भाराखालचा पाय दिसत नाही. भौतिकीचे १९९२ चे नोबेल मिळविणारे फ्रान्सचे जॉर्ज शारपाक यांच्या संशोधनातून 'ईओएस' ही चित्रणपद्धती पुढे आली. उभ्या रुग्णाची समोरून आणि बाजूने एकाच वेळी, कमी किरणमात्रेत चित्रे घेणे तिच्यामुळे शक्य झाले.

संगणकाचा ओळंबा

चित्रावर आखलेली योजना आणि प्रत्यक्ष छेद यांत अंतर उरतेच. ते मिटविण्यासाठी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे जानेवारी १९९७ मध्ये संगणकाच्या मार्गदर्शनाने पहिली गुडघारोपण शस्त्रक्रिया झाली. हाडांवर बसविलेल्या खुणा अवरक्त किरणांचा कॅमेरा टिपतो, पाय गोल फिरवून संगणक खुब्याचा मध्य शोधतो आणि भाररेषा पडद्यावर दाखवितो. विशेष म्हणजे या पद्धतीस शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र अनिवार्य नव्हते. ओळंबा आता शस्त्रक्रियागृहातच सोडता येऊ लागला.

चित्रणाने पुन्हा आपली जागा घेतली ती दुसऱ्या वाटेने. रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआय चित्रणावरून संगणकात हाडाची त्रिमित प्रतिकृती उभी करावयाची, तिच्यावर छेद आखावयाचे आणि केवळ त्याच रुग्णाच्या हाडावर चपखल बसेल असा साचा तयार करावयाचा, ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली. शिंप्याने अंगाचे माप घेऊन कपडा बेतावा तसाच हा प्रकार. पाठोपाठ सीटीवर आखलेल्या सीमेबाहेर करवत जाऊ न देणारे यंत्रहस्तही संपूर्ण गुडघारोपणासाठी उपलब्ध झाले. अमेरिकेत अशा एका प्रमुख प्रणालीस २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

या साधनांची परीक्षाही कठोरपणे झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पारंपरिक पद्धतीने बसविलेल्या ३१.८ टक्के सांध्यांची भाररेषा तीन अंशांच्या मर्यादेबाहेर आढळली. संगणकीय मार्गदर्शनाने हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. याउलट रुग्णागणिक बनविलेल्या साच्यांनी पारंपरिक पद्धतीपेक्षा निश्चित सरसता दाखविली, असे बहुतेक तौलनिक अभ्यासांत दिसले नाही.

सरळ म्हणजे कोणाचे सरळ?

रेषा पूर्वीपेक्षा अचूक बसू लागली, तेव्हा रुग्णांचे समाधानही त्याच प्रमाणात वाढेल अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १,७०३ गुडघारोपणांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ पाचपैकी एक रुग्ण असमाधानी असल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा वृत्तांत मांडला. तीन अंशांच्या आत बसलेले सांधे त्याबाहेरील सांध्यांपेक्षा अधिक टिकले, असे त्यांना आढळले नाही. ज्या नियमावर दोन दशके विसंबून राहिले, त्याच्याच पायाखालची जमीन सरकली.

याचा अर्थ जुने संशोधन खोटे होते, असा घेणे योग्य ठरणार नाही. १९७० च्या दशकातील सांधे, त्यांचे प्लास्टिक आणि त्यांची पकड कच्ची होती. तिरकस भार त्यांना सोसवत नसे. पुढील काळात साहित्य सुधारले आणि थोडा कल पचविण्याची शक्ती सांध्यात आली. त्यामुळे आजवर झाकला गेलेला मूळ प्रश्न उघडा पडला.

तो प्रश्न बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी २०१२ मध्ये नेमका मांडला. त्यांनी गुडघेदुखी नसलेल्या २५० तरुण स्वयंसेवकांची संपूर्ण पायाची चित्रे तपासली. पुरुषांपैकी ३२ टक्के आणि स्त्रियांपैकी १७ टक्के व्यक्तींचे पाय जन्मजात ठेवणीनेच तीन अंश वा त्याहून अधिक बाहेर वाकलेले होते. अशा माणसाचा पाय कधीच ओळंब्यात नव्हता. साठाव्या वर्षी शस्त्रक्रियेने तो ओळंब्यात आणला, तर चित्र सुंदर दिसेल, परंतु त्याचे स्नायू, त्याचे अस्थिबंध आणि त्याची चाल यांना तो पाय आपला वाटेलच असे नाही.

अमेरिकेतील स्टीफन हॉवेल यांनी २००६ पासूनच निराळी वाट धरली होती. झीज होण्यापूर्वी रुग्णाचा गुडघा जसा होता, तशी त्याची ठेवण चित्रणावरून ताडून तीच पुन्हा साधावयाची, असा त्यांचा मार्ग. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे सॅम्युअल मॅकडेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाचा वाक आणि सांध्याचा उतार या दोन मापांवरून गुडघ्यांचे नऊ प्रकार पाडले. दोन्ही मापे शस्त्रक्रियेपूर्वीच्या लांब क्ष-किरण चित्रावरून काढता येतात. व्यक्तिपरत्वे आढळणाऱ्या आकारभेदांवर मिकुलिच यांनी लिहिल्यास तोवर १४३ वर्षे लोटली होती.

हा वाद अद्याप मिटलेला नाही. जन्मजात ठेवण कितपत जपावी आणि कोणत्या मर्यादेपलीकडे ती दुरुस्त करावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अतिवाकलेला पाय तसाच ठेवल्यास सांधा दीर्घकाळ टिकेल काय, याचे उत्तर आणखी काही वर्षांच्या नोंदींतूनच मिळेल. स्वीडनने १९७५ पासून प्रत्येक कृत्रिम गुडघ्याची राष्ट्रीय नोंद ठेवण्यास प्रारंभ केला आणि पुढे इतर देशांनीही तो कित्ता गिरविला. अशा नोंदवह्यांच्या आधारे २०१९ मध्ये निष्कर्ष निघाला की सुमारे ८२ टक्के संपूर्ण कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. ग्लुक यांच्या हस्तिदंती सांध्यापासून हा प्रवास केवढा झाला, याचे हे प्रमाण होय.

भारतीय पाय

भारतात ही शस्त्रक्रिया जनसामान्यांच्या चर्चेत आली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्याचे रोपण झाले. 'टोटल कॉन्डिलर'च्या जनकांपैकी एक असलेले डॉ. राणावत यांनीच त्या शस्त्रक्रिया केल्या. २००१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

भारतीय रुग्णांच्या पायांचा स्वतंत्र विचारही मुंबईत झाला. येथील शल्यचिकित्सक अरुण मुल्लाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई रुग्णांच्या वाकलेल्या गुडघ्यांची लांब चित्रे मोजून संशोधन प्रसिद्ध केले. आपल्याकडे अनेक रुग्ण पाय फार वाकल्यावर शस्त्रक्रियेस येतात आणि कित्येकांचे मांडीचे हाडही बाहेरच्या बाजूस कमानदार झालेले असते. अशा पायात सळई आणि भाररेषा यांतील कोन पाश्चात्त्य पुस्तकातील ठरीव आकड्याहून बराच निराळा निघू शकतो. तो न मोजता ठरीव आकडा वापरला तर छेद चुकतो. म्हणून नियोजनाचे चित्र भारतीय रुग्णाच्या बाबतीत अधिकच आवश्यक ठरते.

खर्चाचा अडसरही काही अंशी दूर झाला. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत त्या वेळी करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. त्यापूर्वी तिची सरासरी दीड लाखाच्या वर होती.

या सर्व वाटचालीतून सामान्य कुटुंबाने घ्यावा असा बोध सोपा आहे. यंत्रहस्त आणि त्रिमित साचे प्रत्येक गावी उपलब्ध होतील असे नाही. परंतु रुग्णास नीट उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंत घेतलेले एक चित्र, त्यावर शांतपणे ओढलेली एक रेषा आणि त्या रेषेकडे पाहताना समोरच्या माणसाची मूळ ठेवण ध्यानात ठेवणारा शल्यचिकित्सक, एवढी सामग्री आजही पुष्कळ काम करते. घरातील वडीलधाऱ्यांना शस्त्रक्रियेसाठी नेताना 'उभ्याने, पूर्ण पायाचे चित्र काढले आहे काय आणि त्यावरून काय ठरविले आहे?' एवढे विनयाने विचारावे. चांगल्या शल्यचिकित्सकास तो प्रश्न खटकणार नाही. तो चित्र प्रकाशासमोर धरील आणि रेषा बोटाने दाखवून समजावून सांगेल. दीडशे वर्षांच्या परिश्रमांचे फळ त्या एका रेषेत साठलेले आहे.